आत्याबाईंच्या गाडीचं गुलाबी तेल

आर्वीत मला राहायला खोली मिळाली ती नासलेल्या दुधामुळे.

मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली होती. साताऱ्याकडून मी एकटी आलेली, हातात एक ट्रंक, आणि गावात ओळखीचं कुणी नाही. शाळेच्या शिपायानं एक घर दाखवलं. घरमालकीण ओट्यावर जाजम टाकून बसल्या होत्या. पन्नाशीच्या आसपासची बाई, ठसठशीत नाक, घट्ट अंबाडा, आणि पुढ्यात सुटा करून मांडलेला स्टोव्ह. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं,

"काय शिकवते तू?"

"विज्ञान."

"मंग सांग. काल दूध उकळून, झाकून ठेवलं होतं. सकाळी नासलं. काऊन?"

मी गडबडले. म्हटलं, "भांडं नीट धुतलेलं नसेल. नाहीतर आदल्या दिवशीचं दूध त्यात मिसळलं असेल."

"दोन कारणं झाली. त्यातलं कोणतं, ते कसं वळखशील?"

"आज भांडं तेच ठेवायचं, पण दूध फक्त ताजं घ्यायचं. तरी नासलं तर भांड्याचा दोष."

आता त्यांनी मान वर केली. "म्हणजे एका टायमाले एकच गोष्ट बदलायची."

"हो."

"राह्य इथं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा स्टोव्हकडे वळल्या. भाडं किती, पाणी कुठलं, जेवणाचं काय, हे सगळं मला त्यांच्या स्वयंपाकीणबाईंकडून कळलं.

सारं गाव त्यांना आत्याबाई म्हणत असे. लहानपणी तापात त्यांचा डावा पाय गेला होता. काठी घेऊन घरातल्या घरात चालत, पण रस्त्यावर दूरवर जाणं जमत नसे. लग्न झालं नव्हतं. पायामुळे झालं नाही, असं लोक म्हणत. "मीच केलं नाई," असं त्या म्हणत. घर त्यांच्या थोरल्या भावाचं, भाऊसाहेबांचं. ते कापसाचे व्यापारी, गावाबाहेर त्यांची जिनिंग फॅक्टरी होती. त्यांच्या मुलांची आत्या ती हळूहळू सगळ्या आर्वीची आत्याबाई झाली.

आत्याबाईंना प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायची सवय होती. तुरीचा, नव्या कापडाचा, पावसात भिजलेल्या वहीचा, विजेच्या बटणाचा. कुणी सांगितलं की अमुक वस्तू चांगली आहे, तर आधी ती नाकाशी जायची. एकदा शाळेचे इन्स्पेक्टर घरी चहाला आले होते. त्यांच्या चामडी बॅगेचा वास घेऊन आत्याबाई म्हणाल्या, "ह्याच्यात उंदीर मेला होता काय कधी?" इन्स्पेक्टर कसनुसे हसले. पण मेला होता.

"बिघडलं" हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. शेजारची नवी सून एकदा रडकुंडीला येऊन सांगत होती की रोज डोकं दुखतं. सासू म्हणे पित्त, आजेसासू म्हणे नजर. आत्याबाईंनी विचारलं, "केव्हा दुखते?" ती म्हणाली, कपाळावर. "कुठं नाई विचारलं मी, केव्हा?" दुपारनंतर. "रोजच?" रोज, फक्त बाजाराच्या दिवशी नाही. मग आत्याबाई काठी टेकत तिच्या घरी गेल्या, आणि ज्या खिडकीसमोर ती दुपारी शिलाई मशीनवर बसायची ती खिडकी पाहून आल्या. समोर टिनाचं छप्पर, त्यावरचं ऊन थेट डोळ्यांत. मशीन फिरवून ठेवलं. सुनेचं डोकं दुखायचं थांबलं, आणि सासूचं सुरू झालं असं आत्याबाई म्हणायच्या.

त्यांचं नेहमी बरोबरच यायचं असं मुळीच नाही. ऐन क्रिकेटच्या मॅचच्या दिवशी त्यांनी भाऊसाहेबांचा रेडिओ उघडला, आणि परत बंद केला तेव्हा काही स्क्रू उरले आणि आवाज गेला. ओट्यावर जमलेली माणसं हळहळत उठून गेली. पुढे मी वर्ध्याला घर केल्यावर त्या पाहुण्या आल्या, तर आल्या आल्या माझा मिक्सर ऐकून म्हणाल्या, "ह्याच्या मोटरीचा एका बाजूचा बुश झिजला आहे." मी मिक्सर दुरुस्तीला दिला. बुश चांगला होता, पातं वाकडं होतं. कळवलं तर त्या रागावल्या, "मंग तू मले त्याच्यात वाटण वाटून काऊन नाई दाखवलं? रिकामा फिरवला!" चूक कबूल करायची ही त्यांची रीत.

पण मला सांगायचं आहे ते गाडीचं.

ती अमेरिकन गाडी होती. मुंबईतल्या कुठल्याशा परदेशी वकिलातीतला साहेब मायदेशी गेला तेव्हा भाऊसाहेबांनी ती लिलावात घेतली होती. फिकट हिरवी, आणि इतकी लांब की आमच्या गल्लीच्या वळणावर तिला पुढं-मागं केल्याशिवाय वळता येत नसे. गावातली पोरं तिला जहाज म्हणायची. धंद्याची शान म्हणून घेतली, असं भाऊसाहेब सर्वांना सांगत. पण ती गाडी बिनक्लचची होती. गिअर आपोआप बदलायचे, डाव्या पायाला काही कामच नव्हतं. हे भाऊसाहेब कधी बोलले नाहीत आणि आत्याबाईंनीही कधी विचारलं नाही. गाडी आली त्या आठवड्यात त्यांनी जिनिंगच्या मैदानात ती चालवायला शिकून घेतली. मग त्या एकट्याच निघू लागल्या. रोहण्याला मैत्रिणीकडे, पुलगावला, वर्ध्याला, मनात आलं तर नुसत्याच नदीच्या पुलापर्यंत.

गाडीचं स्टिअरिंग डाव्या हाताला होतं. त्यामुळे पुढच्या बैलगाडीला किंवा ट्रकला ओलांडायचं तर समोरून काय येतंय ते चालवणाऱ्याला दिसायचं नाही. ते काम उजवीकडे बसलेल्याचं. आत्याबाई विचारायच्या, "येऊ?" आणि आपण खिडकीतून मान काढून सांगायचं, "थांबा!" नाहीतर "चला!" मी पहिल्यांदा बसले तेव्हा भीतीनं सारखी "थांबा"च म्हणत होते. आम्ही अर्धा रस्ता एका कडब्याच्या गाडीमागून आलो. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "तुया हातात कारभार दिला तर देश पुढं जाणार नाई."

सत्तरचं दशक संपत आलं होतं, त्या वर्षीचा उन्हाळा. एप्रिल सरत आला होता, शाळेत परीक्षा चालू होत्या. आत्याबाई एकट्याच रोहण्याला गेल्या. मैत्रिणीकडे जेवण झालं, गप्पा झाल्या, आणि भर दुपारी त्या निघाल्या. रोहण्याबाहेर थोडं अंतर गाडी गेली असेल. इंजिन ओरडायला लागलं आणि चाकं मात्र फिरेनात. पेट्रोल दाबावं तर आवाज वाढायचा, गाडी जागची हलायची नाही. आजूबाजूला उघडी वावरं, झाड नाही, त्या उन्हात रस्त्यानं जाणारं-येणारं कुणी नाही. चालत कुठं जाणं शक्य नव्हतं. त्या गाडीतच बसून राहिल्या. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा भाऊसाहेब स्वतः जीप घेऊन शोधत गेले. त्यांना त्या मागच्या सीटवर आडव्या पडलेल्या सापडल्या. ओठ फाटलेले, डोळे अर्धे उघडे, बोलायची शुद्ध नाही.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. ओल्या चादरीत गुंडाळून, पंख्याखाली ठेवल्यावर त्या माणसात आल्या. गाडी बैलजोडीनं ओढत आणली. दोन्ही मेकॅनिकांनी, आर्वीच्या मिस्त्रीनं आणि नागपूरहून बोलावलेल्या एकानं, सांगितलं की गिअरबॉक्स गेला. नागपूरच्यानं तर बॉनेटही धड उघडलं नाही. आर्वीचा मिस्त्री मोकळा माणूस होता. तो म्हणाला, "आत्याबाई, ट्रक आणा, ट्रॅक्टर आणा. ह्या गाडीत तर पायाले क्लच लागत नाई का हाताले गिअरचा दांडा लागत नाई. मी कुठं हात घालू?"

चौथ्या-पाचव्या दिवशी जेवताना भाऊसाहेबांनी सांगून टाकलं. नागपूरला लग्नात नवरदेव मिरवायला गाड्या भाड्यानं देणारा एक जण होता. त्याच्याशी ट्रंक कॉलवर बोलणं झालं होतं. तो पुढच्या आठवड्यात येऊन गाडी ओढून नेणार होता.

आत्याबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. "दादा, मले न विचारता?"

"तुले विचारलं असतं तर तू नाई म्हटलं असतं."

"मंग मी कशानं जाऊ?"

"जीप देतो. डायवर देतो."

"आनि डायवर जेवाले गेला असला तर? झोपला असला तर? मी त्याच्या तोंडाकडे पाहत बसू काय?"

भाऊसाहेब तसे मोठ्यानं बोलणारे नव्हते. ताटावरून हात धुऊन ते उठले आणि दारात थांबून म्हणाले, "त्या दिवशी तू सीटवर कशी पडली होती, ते तू नाई पाह्यलं. मी पाह्यलं."

आत्याबाईंनी ताट बाजूला सारलं. मला वाटलं, आता संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन अंगणात आले, तर जहाजाखालून दोन पाय बाहेर आलेले. एक जाड, एक काटकुळा. अंगावर भाऊसाहेबांचा जुना पायजमा आणि सदरा. खालून आवाज आला, "मास्तरीण आहे काय? सुट्ट्या लागल्या ना तुया? मंग येजो इकडं."

मला त्यांनी गाडीजवळ पाटावर बसवलं आणि विचारलं, "ही गाडी केव्हा थांबली?"

"रोहण्याहून येताना."

"येताना. जाताना नाई. जाताना मस्त गेलती. आनि मधल्या टायमाले ती काय करत होती?"

"उभी होती."

"उभी होती! दोन महिन्यांपासून असंच होऊन राह्यलं. पुलगावले गेली, चांगली गेली. थांबली, आराम केला, मंग निघताना घसरली. पण थोडीशी, म्हणून मी ध्यान नाई दिलं. पोरी, गिअरबॉक्स झिजला असता तर चालून थकली असती. ही आराम करून बिघडते. अशी कोनती चीज आहे सांग, जी आराम करून बिघडते?"

मी म्हटलं, "भाऊसाहेबांचे कारकून."

त्या इतक्या हसल्या की गाडीखाली डोकं आपटलं. त्या क्षणापासून आमच्या दोघींच्या अंगात काहीतरी संचारलं. आम्हाला जेवणाखाण्याची शुद्ध राहिली नाही.

पहिल्यांदा त्यांनी गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी बाहेर काढली. हे तेल लाल असतं, गुळवेलाच्या फळासारखं लालभडक, आणि ते पातळ तेलच आतल्या चकत्या दाबून चाकं फिरवतं. पट्टीवर जिथवर खूण होती, तेल त्याच्या कितीतरी वर आलं होतं.

"वाढलं?" मी म्हटलं. "गळून कमी व्हायला हवं ना?"

"तेच तर! गाडी दूध देऊन राह्यली काय?" आणि खरंच, त्या पट्टीवरचं तेल लाल नव्हतं. गुलाबी होतं, दुधाळ, फेसाळ. सरबतात साय घोटावी तसं. आत्याबाईंनी नाकाशी नेलं, डोळे मिटले, पुन्हा एकदा हुंगलं. "जळलेलं नाई हे. जळलं असतं तर मी गप बसली असती, दादाचं खरं धरलं असतं. हे नासलं आहे. ह्याच्यात पानी गेलं."

पाणी कुठून गेलं? पावसाचं तर नव्हतंच, एप्रिल महिना. मी म्हटलं, इंजिनातून गेलं असेल. त्यांनी लगेच इंजिनाच्या तेलाची पट्टी काढली. ते तेल काळंकुट्ट, दुधाळपणाचं नाव नाही. माझा अंदाज तिथंच मेला. मग रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी तळाला गेलेलं, आणि वर तांबूस तवंग.

"हे पानी मी दर फेरीले भरते," आत्याबाई म्हणाल्या. "खाली थेंब पडत नाई. मी पांढरं धोतर अंथरून पाह्यलं. मंग ते जाते कुठं, हा प्रश्न मले पडाले पायजे होता. नाई पडला."

पुढचा अर्धा दिवस त्या गोणपाटावर उताण्या पडून हातानं चाचपत राहिल्या, आणि मी बाहेरून विचारत राहिले, "काय आहे?" गिअरबॉक्समधून दोन बारक्या नळ्या निघत होत्या. त्या इंजिनाच्या कडेकडेनं पुढं जात होत्या. पुढं, आणखी पुढं, आणि थेट रेडिएटरच्या बुडात शिरत होत्या.

"तेल तिथं कायले जाते?" खालून आवाज आला. आणि मग पत्र्यावर बोटांची टकटक. मग एकदम, "मास्तरीण! आंघोळीले जाते! तेल तापते, म्हणून ते पान्यातून फिरून थंड होऊन परत येते. ह्या रेडिएटरच्या पोटात आनखी एक नळी आहे, तेलाची. बाहेरून पानी, आतून तेल. आनि मधात नुसता एक पत्रा!"

मला फळ्यावर आकृती काढल्यासारखं सगळं दिसलं. मी ओरडले, "आत्याबाई, इंजिन चालू असताना तेलाचा दाब जास्त असणार. तेल पाण्यात जाणार. म्हणून तवंग! आणि बंद केलं की तेलाचा दाब जातो, पण गरम पाण्याचा दाब तसाच राहतो. मग पाणी तेलात शिरतं. म्हणून ती थांबल्यावर बिघडते!"

त्या गाडीखालून सरपटत बाहेर आल्या. तोंडाला काळं, डोळे लहान पोरीसारखे चमकत होते. माझे दोन्ही गाल त्यांनी तेलकट हातांनी धरले. "गिअरबॉक्स नाई गेला. नळी फुटली. बोलाव मिस्त्रीले!"

मिस्त्रीनं रेडिएटर उतरवला खरा, पण त्याचा विश्वास बसेना. भाऊसाहेबही फॅक्टरीत जाता जाता थांबले. आत्याबाईंनी सांगितलं की सायकलचं पंक्चर काढतात तसंच हे काढायचं. मागच्या अंगणात गुरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद होता. तेलाच्या नळीचं एक तोंड लाकडी खुंटी ठोकून बंद केलं, दुसऱ्याला सायकलच्या पंपाची रबरी नळी तारेनं आवळली, आणि रेडिएटर हौदात बुडवला. आतला पत्रा फुटका असला तर नळीत भरलेली हवा रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडे होऊन येणार. मिस्त्री पंप मारू लागला.

काही आलं नाही.

तो घामाघूम होईपर्यंत पंप मारत राहिला. हौदातलं पाणी स्थिर. एक माशी त्यावर बसून निवांत पाय पुसत होती. मिस्त्री म्हणाला, "नळी तर साबूत आहे, आत्याबाई." भाऊसाहेबांनी चप्पल पायात सरकवली.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या पाण्याकडे पाहत होत्या, ओठ हलत होते. मग त्यांनी काठी हौदावर आपटली. "केव्हा? अवो, केव्हा? थंड असताना कधी बिघडली ती? कधीच नाई! दादा, थांब. जाऊ नको. बंब पेटवा!"

न्हाणीघरातला तांब्याचा बंब पेटवला. रेडिएटर बाहेर काढून त्याच्या पोटात कढत पाणी ओतलं, वरून कढत पाणी ओतलं, हात लावता येईना इतका तापवला. पंप पुन्हा बांधला. घाईघाईनं दोघांनी फडक्यात धरून तो हौदात उतरवला, फक्त तोंड वर. मिस्त्रीनं एक दाब दिला, दुसरा दिला.

बुडुक.

एक बुडबुडा वर आला. मग आणखी एक. मग सरळ माळच लागली, आणि प्रत्येक बुडबुड्याबरोबर गुलाबी फेस. "आला! आला!" म्हणून आत्याबाई ओरडल्या, मी ओरडले, मिस्त्री पंप सोडून नाचायला लागला. स्वयंपाकीणबाई हातातलं लाटणं घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला. तापल्यावर भेग उघडत होती आणि थंड झाली की मिटत होती. इतकी बारीक भेग, आणि तिनं एवढी मोठी गाडी रस्त्यात बसवली होती.

भाऊसाहेब हौदाशी वाकून बुडबुड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. तुयं खरं निघालं. पण आता काय करशील? असा रेडिएटर अख्ख्या हिंदुस्थानात मिळनार नाई. बुडातल्या नळीले झाळून डाग देता येत नाई. नागपूरवाला येऊन राह्यला."

"रेडिएटर कोनाले पायजे? तेलाले थंड व्हायले जागा पायजे," आत्याबाई म्हणाल्या. "पान्यात नाई तर हवेत होऊ दे. तांब्याची नळी पायजे, वळसे घेतलेली, पत्र्याच्या पात्या लावलेली." त्या बोलता बोलता थांबल्या, आणि त्यांची नजर अंगणापलीकडे, भाऊसाहेबांच्या बैठकीच्या खिडकीकडे गेली.

त्या खिडकीत आर्वीतला बहुधा एकमेव एसी बसवलेला होता. तो बंद पडून जमाना झाला होता. पण व्यापारी येत-जात, म्हणून भाऊसाहेब तो काढू देत नसत. दसऱ्याला त्याला हारसुद्धा घालत.

"नाई," भाऊसाहेब म्हणाले.

"चालू आहे काय तो?"

"चालू नसला म्हनून काय झालं?"

दोघं भाऊबहीण एकमेकांकडे पाहत उभी राहिली. शेवटी भाऊसाहेब म्हणाले, "देतो. पण माही एक अट आहे. गाडी जमली का भर दुपारी आष्टीपर्यंत न्यायची. मी संगं बसनार. मधातला चढ चढायचा. आष्टीत बंद करून उभी ठेवायची, पार तापलेली. आनि मंग चालू करायची. हलली तर नागपूरवाल्याले नाई म्हनतो. नाई हलली तर पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाई."

"मंजूर," आत्याबाई म्हणाल्या. अट कठीण होती, पण योग्य जागी बोट ठेवणारी होती. बहिणीची विद्या भावालाही येत होती.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. एसीच्या मागची तांब्याच्या नळ्यांची जाळी सोडवली, धुतली, रेडिएटरच्या पुढ्यात तारेनं आणि पट्ट्यांनी बसवली. गिअरबॉक्सच्या दोन्ही नळ्या तिला जोडल्या आणि रेडिएटरच्या बुडातली भोकं बंद केली. लाल तेल चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीतून आणलं, तिथल्या अजस्र यंत्रांत ते वापरतात असं मिस्त्रीच्या मेव्हण्यानं सांगितलं होतं. जुनं नासलेलं तेल काढायचं, नवं भरायचं, जागेवर गाडी चालवायची, परत काढायचं. दर वेळी आत्याबाई पट्टी उन्हात धरायच्या. गुलाबी. पुन्हा. फिकट गुलाबी. पुन्हा. एकदाची पट्टी बाहेर आली तर लालभडक, आरपार दिसणारी. त्यांनी ती मला हुंगायला लावली. कसलाच वास नव्हता. "हाच वास पायजे होता," त्या म्हणाल्या.

ठरल्या दिवशी माथ्यावर ऊन आलं तेव्हा आम्ही निघालो. आत्याबाई स्टिअरिंगवर, उजवीकडे भाऊसाहेब, मागे मी, मांडीवर पाण्याचा घडा आणि ओल्या फडक्यात बांधलेले कांदे. खिडकीतून भट्टीच्या तोंडासारखी हवा येत होती. समोर उसाच्या मोळ्यांचा एक ट्रॅक्टर लागला. आत्याबाई म्हणाल्या, "येऊ?"

भाऊसाहेबांना काय करायचं ते ठाऊक नव्हतं. मी मागून सांगितलं. त्यांनी टोपी सावरत मान बाहेर काढली. "थांब!" मग, "थांब, थांब!" मग एकदम, "चल!" गाडी पुढं झेपावली, ट्रॅक्टर मागे गेला, आणि भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर ते बैलगाडी दिसायच्या आधीच मान बाहेर काढून बसू लागले.

चढ आला. हाच तो. इंजिनाचा आवाज खाली उतरला, गाडीनं आपला आपण गिअर बदलला, अंगाला एक बारीकसा हिसका बसला. मी घडा घट्ट धरला होता. आत्याबाईंचा उजवा पाय हळूहळू दाबत चालला होता आणि गाडी वर चढत होती, न ओरडता, न घसरता, तूप वितळावं तशी. वर आलो. पलीकडे टेकड्या धुरकट दिसत होत्या.

आष्टीत बाजार भरला होता. गाडी लिंबाखाली लावू म्हटलं तर भाऊसाहेब म्हणाले, "नाई. उन्हात लाव." उन्हात लावली. इंजिन बंद केलं. आम्ही हॉटेलात चहा घेतला, दुसरा घेतला. भाऊसाहेबांनी उगीच मिरच्यांचा भाव विचारला, टरबुजं वाजवून पाहिली, घेतली नाहीत. गाडीभोवती माणसं जमली होती, कोणी पत्र्याला हात लावून चटका बसल्यावर हसत होता. आत्याबाईंनी मात्र दुसरा चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"चल," भाऊसाहेब उठले.

त्यांनी पट्टी काढायला सांगितली. लाल. रेडिएटरचं झाकण जाड फडक्यानं धरून हळूहळू उघडलं. पाणी तोंडोतोंड, स्वच्छ. आत्याबाई आत बसल्या, किल्ली फिरवली, स्टिअरिंगजवळची दांडी खाली ओढली. गाडी सरकली. आवाज नाही, झटका नाही. टरबुजांच्या ढिगाऱ्याला वळसा घालून ती बाजाराच्या टोकापर्यंत गेली आणि परत आमच्यापुढं येऊन उभी राहिली. माणसांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मी दार उघडून बसायला गेले, तर भाऊसाहेबांनी माझा हात धरला. खिडकीत वाकून ते बहिणीला म्हणाले, "आमी एसटीनं येतो. नागपूरवाल्याले इथूनच कळवतो. तू जा."

"एकटी?" आत्याबाईंनी विचारलं.

"मंग काय डायवर देऊ तुले?"

त्या त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्यांनी हॉर्न वाजवला, लांबलचक, सगळा बाजार दचकेल असा, आणि जहाज धूळ उडवत आर्वीच्या वाटेला लागलं.

टपालात जाऊन, ट्रंक कॉल लागायची वाट पाहून, आम्हाला एसटी मिळाली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. भाऊसाहेब ड्रायव्हरमागच्या सीटवर खिडकीशी बसले. पण ते बसत नव्हतेच. प्रत्येक वळणाला उठून उभे राहत, दांडीला धरून पुढं वाकत. उतार आला, गेला. पूल आला, गेला. एका चिंचेखाली काहीतरी हिरवं दिसलं, त्यांनी माझा दंडच धरला. झुडूप होतं.

शेवटी ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. "भाऊसाहेब, कोनाले शोधून राह्यले?"

"कोनाले नाई," ते म्हणाले. "कोनी दिसू नये म्हनून पाहून राह्यलो."

आणि ते पुन्हा उभे राहिले. समोर काळा रस्ता उन्हात लकाकत होता, आणि पार आर्वीपर्यंत त्यावर कुठंच काही थांबलेलं नव्हतं.